सैन्यात घातलं की मुलगा सरळ होईल?

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीला ८१ टक्के होते, बारावीला ६३ झाले, आता जेमतेम ५५. त्याला कशातच रस नाही, आयुष्यात काही ध्येय नाही. ‘लक्ष्य’ हा चित्रपट मी त्याला मुद्दाम समोर बसवून दाखवला. त्यातला नायकही आधी असाच होता, पण सैन्यात गेला आणि माणूस झाला. सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या सीडीएस परीक्षेचा अर्ज मीच भरला, तिच्या तयारीसाठी पुण्यातल्या एका अकादमीची फीही भरली. पण हा पुस्तक उघडत नाही. सकाळी सहालाच मित्राच्या वडिलांच्या रोपवाटिकेत जातो, दिवसभर तिथे ट्रे भरत बसतो, त्यांच्या गिऱ्हाइकांची उधारी लिहितो, तीही फुकट. घरी आला की आडवा. लोक विचारतात, मुलगा काय करतो? काय सांगायचं? तुम्ही त्याला चार शब्द सुनवा. एकदा सैन्यात गेला की सरळ होईल.
– एक पालक, सातारा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात मुलाच्या टक्क्यांचे तीन आकडे आहेत, पण त्याच्या तोंडचं एकही वाक्य नाही. मला काळजी वाटली ती याची. चित्रपट तुम्ही लावलात, अर्ज तुम्ही भरलात, अकादमी तुम्ही शोधलीत. अर्जावर सही मात्र त्याचीच लागते. ती त्याने मुकाट्याने करून दिली असणार. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या आयुष्याच्या कागदावर काही न बोलता सही करून देतो आणि दुसऱ्या दिवशी सहाला घराबाहेर पडतो. हा आळस नाही. बोलून उपयोग नाही, असं त्याने कधीतरी मनाशी ठरवून टाकलेलं दिसतं.

आता ‘लक्ष्य’बद्दल. २००४ सालचा फरहान अख्तरचा हा चित्रपट मला आवडतो, पण तुम्ही त्यातून जे उचललंत ते त्यात नाही. हृतिक रोशनचा करण सैन्यात जातो तेव्हा त्याला कुणी ढकललेलं नसतं, उलट घरच्यांचा विरोध असतो. मित्र जातोय म्हणून याने अर्ज केलेला, आणि मग हट्टाला पेटून तो डेहराडूनच्या लष्करी अकादमीत दाखल होतो. पुढे काय होतं? शिक्षा झाल्यावर तो तिथून पळून येतो. म्हणजे सैन्याने त्याला लगेच सरळ केलं नाही. दुसऱ्याच्या नादाने गेलेला मुलगा तिथे टिकलाच नाही. आवडत्या मुलीने संबंध तोडल्यावर त्याला स्वतःची लाज वाटते आणि तो आपल्या पायांनी परत जातो. मग तोच रगडा, त्याच शिक्षा त्याला झेपतात. कारगिलचं युद्ध त्यानंतर येतं. डोंगरमाथ्यावर तिरंगा रोवण्याचा प्रसंग लक्षात राहतो, पण करणचा निर्णय त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला आहे. तुम्ही मुलाला करणच्या पहिल्या खेपेला पाठवताय आणि दुसऱ्या खेपेच्या निकालाची वाट पाहताय.

पडद्यावरचा करण सोडा, १९९९च्या खऱ्या युद्धातले तरुण अधिकारी पाहा. कॅप्टन विक्रम बात्रा यांची मर्चंट नेव्हीत निवड झालेली होती. चांगल्या पगाराची ती नोकरी नाकारून त्यांनी सीडीएसची तयारी केली, १९९६मध्ये इंडियन मिलिटरी अकादमीत गेले आणि ७ जुलै १९९९ला पॉइंट ४८७५ या शिखराच्या लढाईत धारातीर्थी पडले. वय २४. त्यांना ध्येय कारगिलच्या डोंगरावर सापडलं नाही, ते घरून निघतानाच सोबत घेऊन गेले होते.

‘सैन्यात गेला की सरळ होईल’ हे वाक्य मी अनेक पालकांकडून ऐकते आणि दर वेळी मला राग येतो, तो आज स्पष्टच लिहिते. सैन्यदल हे तुमच्या-माझ्या मुलांना वळण लावण्याचं ठिकाण नाही. तुमचा मुलगा लेफ्टनंट होऊन पलटणीत गेला तर पहिल्या दिवसापासून तीसेक जवानांचे जीव त्याच्या हुकमावर असतील. त्यातले कितीतरी त्याच्यापेक्षा वयाने मोठे, लेकुरवाळे असतील. त्यांच्या बायकामुलांनी काय पाप केलंय, म्हणून त्यांच्या माणसाने ज्याला तिथे असायचंच नाही अशा अधिकाऱ्याच्या मागे जायचं? सातारा जिल्ह्यात राहणाऱ्याला हे मी सांगायला नको. तुमच्याकडच्या अपशिंग्यासारख्या गावांतून पिढ्यान् पिढ्या मुलं भरती होत आली, ती कुणाला सरळ करायला धाडलेली नव्हती. आणि मनाविरुद्ध आलेला मुलगा सैन्यालाही नकोच असतो. म्हणून तर लेखी परीक्षेनंतर एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या चाचण्यांचे आणि मुलाखतीचे, पाच दिवस ठेवलेत. मानसशास्त्रीय चाचण्यांत ६० शब्द एकामागून एक दाखवतात आणि प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद देतात. मनात असेल तेच कागदावर उतरतं, पुण्याच्या अकादमीत घोकलेलं आठवायला वेळच मिळत नाही. त्याच दिवशी उमेदवाराला स्वतःविषयी लिहायचं असतं : आईवडिलांना तुमच्याबद्दल काय वाटतं, शिक्षकांना काय वाटतं, मित्रांना काय वाटतं आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं.

तुमच्या मुलाने यातला पहिला परिच्छेद काय लिहावा? खरं लिहायचं तर तुमचं हे पत्रच उतरवून काढावं लागेल. खोटं लिहिलं तर मुलाखत घेणारा अधिकारी चार प्रश्नांत ते बाहेर काढेल. त्या मुलाखतीत घर, वडील, मोकळा वेळ कसा जातो, हे सगळं निघतं. ‘सैन्यात का यायचंय?’ याला ‘वडिलांनी अर्ज भरला’ हे उत्तर तिथे चालत नाही.

समजा, निवड झालीच. प्रशिक्षणाला रुजू होण्याआधी पालकांना एक हमीपत्र लिहून द्यावं लागतं. मुलाने आपल्या मर्जीने मधेच प्रशिक्षण सोडलं किंवा शेवटी कमिशन, म्हणजे अधिकारपद, नाकारलं, तर त्याच्यावर झालेला खर्च वसूल केला जातो. करण भिंत ओलांडून घरी येऊ शकला. तुमच्या घरी ती भिंत तुमच्याच सहीची असेल.

आता त्या रोपवाटिकेबद्दल. तुम्ही ते गाऱ्हाणं म्हणून लिहिलंत, मला मात्र पत्रात तुमचा मुलगा पहिल्यांदा तिथेच दिसला. रोपवाटिकेत काय काम असतं हे कधी उभं राहून पाहिलंय का? शेतकरी आगाऊ सांगून ठेवतो, अमुक तारखेला मला इतकी टोमॅटोची रोपं हवीत. टोमॅटोचं रोप साधारण २५-३० दिवसांत लावणीला येतं, म्हणजे बी कधी टाकायचं हे उलटं मोजत यावं लागतं. उगवण कमी होणार हे धरून ट्रे जास्तीचे भरावे लागतात. चार दिवस चुकले तर शेतकऱ्याचं रान तयार होऊन पडून राहतं, किंवा इकडे रोप जून होतं. त्यातून निम्मा व्यवहार उधारीचा. पैसे माल निघाल्यावर येणार, भाव पडला तर तेही लांबणार. कुणाला किती दिवस उधार द्यायचं, कुणाला नाही म्हणायचं, हे ज्याच्या वहीत असतं त्याच्यावर धंदा उभा असतो. ती वही तिथल्या मालकाने तुमच्या मुलाच्या हातात दिली आहे. परक्या माणसाने आपल्या पैशाचा हिशेब विश्वासाने ज्याच्याकडे सोपवला, त्याच्याबद्दल त्याच्याच घरी ‘कशातच रस नाही’ असं बोललं जातंय. आणि बी.कॉम.च्या मुलाने उधारीची वही सांभाळणं म्हणजे वेळ वाया घालवणं, हे मला तरी पटत नाही.

तुम्हाला घाबरवणारा प्रश्न ‘लोक विचारतात’ हा आहे. तो खरा आहे, त्याचा त्रास होतो, हे मी जाणते. पण लोकांना द्यायला उत्तर हवं म्हणून मुलाच्या गळ्यात गणवेश घालू नका. सध्या तो शिकतोय आणि एका रोपवाटिकेचा हिशेब बघतोय. हे सांगायला लाजण्यासारखं यात काय आहे?

मुलाचंही चुकतंय आणि तेही सांगते. वडिलांशी अबोला धरून प्रश्न सुटत नाही. नको असेल तर ‘नको’ म्हणण्याचं धैर्य त्याने दाखवायला हवं. दुसरं, फुकट राबणं बंद करावं. महिन्याचं काही ठरवून घ्यावं, थोडं का असेना. आपल्या कामाची किंमत मागता येणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. तिसरं, पदवी. शेवटचं वर्ष राहिलंय, ते नीट पूर्ण करावं, पुढे कुठेही गेला तरी ते लागणारच आहे.

सैन्याची वाट त्याने स्वतः निवडली तर ती अजून बंद झालेली नाही. सीडीएस वर्षातून दोनदा होते, डेहराडूनसाठी साधारण २४ आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी २५ वर्षांपर्यंत मुभा असते. लेखी निकालानंतर नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात शासनातर्फे एसएसबीची तयारी विनाशुल्क करून घेतात. याहून जास्त मी आज सांगणार नाही, कारण विचारलंय तुम्ही, त्याने नाही.

आणि एक विनंती. हे उत्तर वाचून उद्या त्याला तळेगावच्या पॉलिहाऊस प्रशिक्षणाचा किंवा मुक्त विद्यापीठाच्या कृषी पदविकेचा अर्ज आणून देऊ नका. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण त्या तुम्ही आणल्यात तर तेही तुमचंच होऊन बसेल. त्यापेक्षा एखाद्या सकाळी सहाला त्याच्याबरोबर जा. आधी विचारा, ‘येऊ का?’ तो नको म्हणाला तर थांबा, आठवड्याने पुन्हा विचारा. गेलात तर सल्ला देऊ नका. कोणतं वाण जास्त खपतं, उधारी कुणाकडे अडकलीय, मालक पुढच्या हंगामात काय करणार आहे, एवढंच विचारा. बोलता बोलता हा मुलगा काय करू पाहतोय ते तुम्हाला माझ्याआधी कळेल. कदाचित त्याला रोपवाटिकेतही आयुष्य काढायचं नसेल, फक्त घरापासून लांब एक जागा हवी असेल. तेही कळलेलं बरं. तसं निघालं तर मला जरूर लिहा, मग आपल्याला वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलावं लागेल.

सीडीएसच्या परीक्षेला बसायचं की नाही हे त्याच्यावर सोडा. नाही बसला तर अर्जाचे २०० रुपये जातील, जाऊ द्या. पुण्यातल्या अकादमीत मात्र या आठवड्यातच फोन करा. वर्ग सुरू झाले नसतील तर फी परत मागता येते का ते विचारून घ्या.