वाचक विचारतात : पाण्यात नॅनो पावडर, वर ऊन, आणि ऑक्सिजन कुठंय?

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आलाय. पाण्यात कसलीशी 'नॅनो पावडर' टाकून भांडं उन्हात ठेवलं की भसाभसा बुडबुडे येतात आणि लायटर लावला की पेटतात. हे खरं आहे का? गच्चीवर केलं तर घरचा गॅस सुटेल का? (एक वाचक, सांगली)

तत्त्व खरं आहे, काही पावडरी उन्हाच्या जोरावर पाणी तोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन काढतात. व्हिडिओ मात्र बहुतेक बनवाबनवी. इतके जोरात बुडबुडे येत असतील तर ती ॲल्युमिनियमची पावडर आणि कॉस्टिक सोडा असण्याची शक्यता जास्त. त्यातून हायड्रोजन येतो हे खरंय, पण उन्हाचा त्यात काही संबंध नाही, अंधाऱ्या खोलीतही येईल, आणि ॲल्युमिनियम संपलं की खेळ खलास. घरी करून बघू नका प्लीज, ते कॉस्टिक तापून अंगावर उडतं.

आता गच्चीचा हिशोब. १० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०८ स्क्वेअर फूट जागा धरा. आपल्याकडे चांगल्या उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर ५ युनिटच्या आसपास ऊर्जा पडते, म्हणजे एकूण ५० युनिट. पाणी तोडणाऱ्या खऱ्या पावडरने त्यातली १ टक्का हायड्रोजनमधे साठवली तर हातात अर्धा युनिट, वजनात जेमतेम १५ ग्रॅम हायड्रोजन, आणि तो तसाच ठेवायचा तर १८० लिटर जागा खाणार. तुमच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधे साधारण १८० युनिट ऊर्जा असते. म्हणजे एक सिलिंडर सुटायला वर्ष! त्याच जागेत २ किलोवॅटचं सोलर बसतं आणि दिवसाला ८ युनिटच्या आसपास वीज देतं, त्यावर इंडक्शन चालवा. पावडरची वाट बघत बसू नका.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. सगळीकडे नॅनो नॅनो चाललंय, पण नॅनोच कशाला? तोच पदार्थ मोठ्या तुकड्यात का चालत नाही? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

छान प्रश्न. पाणी तोडणाऱ्या या पावडरी सेमीकंडक्टर असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि खाली रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. इलेक्ट्रॉनने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, होलने ऑक्सिजन. पण दोघांना पृष्ठभागापर्यंत पोचायला हवं ना, आणि वाटेतच ते एकमेकांना भेटून मिटून जातात, उष्णता तेवढी उरते. गंजाचा भाऊबंद हेमटाइट, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड घे. स्वस्त, सगळीकडे मिळतो, आणि दिसणारा प्रकाशही बऱ्यापैकी शोषतो, पण त्यातला होल काही नॅनोमीटरच्या पुढे जातच नाही. जाड तुकडा घेतलास तर आतले सगळे होल आतच मेले. म्हणून बारीक कण, सळया, पातळ पापुद्रे.

पण जितकं बारीक तितकं चांगलं असं मात्र नाही, हे कुणी फारसं सांगत नाही. पृष्ठभाग वाढला की दोषही वाढतात आणि त्या दोषांत इलेक्ट्रॉन अडकतात. शिवाय फारच बारीक केलं की बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणारी ऊर्जा) वाढतो, म्हणजे दिसणारा प्रकाश शोषणं उलट कमी. २०२० मधे जपानच्या काझुनारी डोमेन यांच्या ग्रुपने जो विक्रमी पदार्थ दाखवला (ॲल्युमिनियम घातलेलं स्ट्रॉन्शियम टायटेनेट) त्याचे कण काही अगदी चिमुकले नव्हते. त्यांची कमाल वेगळीच होती. स्फटिक एकदम स्वच्छ, त्याच्या एका प्रकारच्या बाजूंवर इलेक्ट्रॉन जमतात आणि दुसऱ्या प्रकारच्या बाजूंवर होल. मग इलेक्ट्रॉनच्या बाजूला ऱ्होडियम बसवलं, होलच्या बाजूला कोबाल्ट, आणि ऱ्होडियमवर क्रोमियम ऑक्साइडचं पातळ कवच चढवलं, कारण ऑक्सिजन ऱ्होडियमपर्यंत पोचला की तयार झालेल्या हायड्रोजनचं परत पाणी होतं. ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ९६ टक्के क्वांटम एफिशियन्सी, म्हणजे जवळजवळ एकही फोटॉन वाया नाही.

आणि तरीही! याच जातीच्या पदार्थाचं त्यांनी १०० चौरस मीटरचं पॅनेल उघड्यावर महिनोन्‌महिने चालवलं, २०२१ मधे त्याचा निकाल छापला, तर उन्हातून हायड्रोजनकडे जास्तीत जास्त ०.७६ टक्के. ९६ कुठे आणि ०.७६ कुठे. कारण हा पदार्थ फक्त अतिनील प्रकाश खातो आणि उन्हात तो सगळा मिळून चार-पाच टक्केच असतो. पाणी तोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात, याचा बँड गॅप तीनच्या वर, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. आता सगळी धडपड आहे ती दिसणारा प्रकाश खाणाऱ्या आणि तरीही टिकणाऱ्या पदार्थासाठी. कॅडमियम सल्फाइड दिसणारा प्रकाश छान खातं पण त्याचे होल पाण्याऐवजी स्वतःच्याच सल्फाइडला खातात. कार्बन नायट्राइड स्वस्त, युरिया किंवा मेलामाइन साधारण ५५० डिग्रीला भाजलं की तयार, म्हणून कॉलेजच्या लॅबमधे ते भरपूर चालतं, पण ते एकट्याने विशेष काम करत नाही.

प्रश्न : एमएस्सी प्रोजेक्टसाठी पेपर वाचतोय. एकात 'ताशी दर ग्रॅमला इतके हजार मायक्रोमोल हायड्रोजन', दुसऱ्यात त्याच्या दहापट. कुणाचं खरं मानायचं? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

आकड्याकडे नंतर बघ, आधी प्रयोगाच्या भागात मिथेनॉल, ट्रायइथेनॉलअमाइन किंवा सोडियम सल्फाइड-सल्फाइट शोध. बहुतेक वेळा सापडेलच. हे लोक होलला खायला सोपं खाद्य देतात, म्हणजे ऑक्सिजन काढायचं अवघड काम टळलं आणि हायड्रोजन जोरात आला. पदार्थ तपासायला हे ठीक आहे, मीही त्याला नावं ठेवणार नाही, पण मग त्याला पाणी तोडणं म्हणू नये, मिथेनॉल जाळून हायड्रोजन काढणं म्हणावं. खरंच पाणी तुटलं असेल तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक या प्रमाणात यायला हवेत. पेपरात ऑक्सिजनचा आलेखच नसेल तर मी तरी भुवया उंचावतो.

आणि दर ग्रॅमचे आकडे दोन लॅबमधे जुळवूच नकोस. दिवा वेगळा, फिल्टर वेगळा, भांडं वेगळं, आणि पावडर दुप्पट टाकली म्हणून हायड्रोजन दुप्पट होत नाही, प्रकाश तेवढाच असतो. कुठल्या नॅनोमीटरला किती क्वांटम एफिशियन्सी आणि खऱ्या उन्हात किती टक्के, एवढं दिलं असेल तर तो पेपर कामाचा.

प्रश्न : एकाच पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही म्हणजे स्फोटच ना? (एक वाचक, ठाणे)

भीती रास्त आहे. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तरी पेट घेतो आणि ठिणगी अगदी नगण्य पुरते. त्या जपानी पॅनेलमधे म्हणून काच आणि पावडरचा थर यांत फक्त ०.१ मिलिमीटरची फट ठेवली होती, म्हणजे गॅस साठायला जागाच नाही. पुढे पडद्यातून हायड्रोजन वेगळा केला, आणि मुद्दाम पेटवूनही बघितलं, पॅनेलला काही झालं नाही.

प्रश्न : सरकारचं ग्रीन हायड्रोजन मिशन म्हणजे हेच का? (एक वाचक, नाशिक)

नाही. जानेवारी २०२३ मधे १९,७४४ कोटींचं जे मिशन मंजूर झालं आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं टार्गेट ठेवलं, ते मुख्यतः सोलर किंवा वाऱ्याची वीज आणि इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी तोडणारं यंत्र) यावर चालणार. त्या रस्त्याने उन्हातली १२-१३ टक्के ऊर्जा हायड्रोजनमधे जाते. पावडरला या शर्यतीत उतरायचं तर निदान ५ ते १० टक्के गाठावे लागतील, आणि तेही वर्षानुवर्षं.

प्रश्न : टायटॅनियम डायऑक्साइड तर भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं. मग पावसात भिंतीतून हायड्रोजन का येत नाही? (एक वाचक, चिपळूण)

१९७२ मधे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा या शास्त्रज्ञांनी ज्या पदार्थावर पाणी तोडून दाखवलं तो हाच! पण त्यांच्याकडे तारेच्या दुसऱ्या टोकाला प्लॅटिनम होतं, हायड्रोजन तिथे यायचा, टायटॅनियमवर नुसता ऑक्सिजन. तुमच्या भिंतीला प्लॅटिनम नाही. उलट पेंट कंपन्या त्या कणांवर सिलिका-ॲल्युमिनाचा थर चढवतात, कारण नाहीतर ऊन लागलं की टायटॅनियम रंगातल्या चिकटवणाऱ्या रेझिनलाच खायला लागतं आणि भिंतीला हात लावला की पांढरी पूड हाताला येते.