जोडे, कानपिळी आणि सातची मालिका

चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज इथे मस्कतला जेवणाच्या सुट्टीत ऐकला. दादाच्या लग्नात वहिनीच्या बहिणींनी त्याचे जोडे पळवले, पैशांवरून घासाघीस झाली आणि आजी पुटपुटली, "आपल्यात कधी होतं हे?" नव्हतं, तर मग सगळ्यांना ते पाठ कसं, असं तू विचारतेस.

सिनेमामुळे. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला, त्यात जोडे पळवायचं अख्खं गाणंच होतं. ही गंमत उत्तरेकडच्या लग्नांतली. पण हिंदी सिनेमा देशभर चालवायचा असतो, त्यामुळे तिकडचं लग्न हेच सगळ्यांचं लग्न होऊन बसलं. लग्नाआधीचा नाचगाण्याचा ‘संगीत’ कार्यक्रमही त्याच वाटेनं नाशिकच्या कार्यालयांत शिरलं.

आपल्याकडे नवरदेवाकडून काही उकळायचा मान मुलीच्या भावाचा. होमापाशी बसलेल्या नवऱ्यामुलाचा तो कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, ही त्यातली दटावणी. मग त्याला कपडे नाहीतर पाकीट मिळतं. ही कानपिळी. तू पाठवलेल्या व्हिडिओत गुरुजी "मुलीचा भाऊ कुठंय, मुलीचा भाऊ" करताहेत आणि तो पठ्ठ्या ड्रोनवाल्यासाठी खुर्च्या हलवतोय! जोड्यांवर माझा राग नाही, मजाच आली असेल. पण त्यांना अर्धा तास आणि कानपिळी घाईघाईत उरकलेली, हे काही मला पटलं नाही.

अर्थात पडदाच आपल्याला शिकवतो असं नाही, तोही लोकांना बिचकून असतो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे ते दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना त्यांना तारामतीसाठी बाई मिळेना. सिनेमात काम करणं म्हणजे अब्रू घालवणं, असा तो काळ. शेवटी खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून तारामती झाले. पण त्याच वर्षी फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल, विचार कर. पुढे बायकांना ती वाट जरा सोपी झाली.

आता तुझा दुसरा प्रश्न. आजीच्या सातच्या मालिकेतली सून उलट का बोलत नाही, तर ती बोलली की गैरसमज मिटेल आणि गैरसमज मिटला की मालिकाच आटोपेल. रोजचा भाग काढायचा तर कुणीतरी सोसत राहायलाच हवं. मला खटकतं ते पुढचं. त्या सोसण्याला तिथे ‘संस्कार’ म्हणतात, आणि रोज कानावर पडलं की ते खरंही वाटायला लागतं.

आजीला तिच्या सासूबाईंबद्दल विचार. आजी नाशिकरोडच्या प्रेसमधून दमून यायची तेव्हा पणजीनं पोळ्या लाटून ठेवलेल्या असायच्या. दोघींची भांडणं व्हायची, अगदी कडाकडा, आणि उलट बोलण्यात आजी कधी मागे नसायची. पण दुपारच्या चहापर्यंत सगळं मिटलेलं असायचं. त्यावर मालिकेचा एक भागसुद्धा निघाला नसता.

तुझा,
बाबा