वाचकांचे प्रश्न: व्हॅलिडेटर स्टॅक ओव्हरफ्लो देऊन पडतो, काय करू?

प्रश्न: आमचं जावामधलं सॉफ्टवेअर बाहेरून आलेल्या एक्सएमएल फाइली स्कीमाशी (फाइलची रचना कशी हवी ते सांगणारे नियम) ताडून बघतं आणि मग पुढे पाठवतं. स्कीमाची नवीन आवृत्ती लावल्यापासून स्टॅकओव्हरफ्लोएरर (एकात एक चाललेल्या कॉलची नोंद ठेवणारी मेमरी, म्हणजे स्टॅक, भरल्याचा एरर) येतोय, आणि फाइल तर जेमतेम काही केबीची आहे हो! एक्सएसएस (जावाला स्टॅकचा आकार सांगणारी सेटिंग) वाढवून 4 एमबी केलं, माझ्या मशिनवर चाललं पण सर्व्हरवर तेच रडगाणं. खोट फाइलमध्ये आहे की आमच्या कोडमध्ये? आणि स्टॅक असा किती वाढवत बसायचा?

उत्तर: फाइल छोटी आहे हे लिहिलंत ते बरं केलंत, त्यावरूनच अर्धं कळतं. एकच एलिमेंट असलेली चिमुकली फाइल घ्या आणि त्याच स्कीमाशी तपासून बघा, ती पण पडली तर डेटा सोडून द्या, खोट स्कीमात आहे. मग स्कीमाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी ठेवून मॅक्सऑकर्स (एलिमेंट जास्तीत जास्त किती वेळा येऊ शकतो तो आकडा) शोधा, माझा अंदाज कुठेतरी 9999 सारखा आकडा सापडेल. झर्सीजसारखा पार्सर (एक्सएमएल वाचून तपासणारी लायब्ररी) मोजकी मर्यादा असलेला भाग बऱ्याचदा तितक्या वेळा उलगडून ठेवतो, त्याचं झाड बनवतो आणि ते झाड रिकर्शनने (फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं तसं) चालत जातो, म्हणजे आकडा जितका मोठा तितके कॉल एकात एक, फाइलमध्ये तो एलिमेंट एकदाच असला तरी. स्टॅक ट्रेसमध्ये (एररसोबत छापली जाणारी कॉलची यादी) कॅल्कफॉलोलिस्ट हे नाव ओळीमागून ओळ दिसत असेल तर हेच झालंय.

इलाज म्हणजे तिथे अनबाउंडेड (म्हणजे कितीही वेळा) लिहा आणि किती वेळा आला ते कोडमध्ये मोजा, अनबाउंडेड असं उलगडावं लागत नाही, ते एका लूपसारखं ठेवलं जातं. स्कीमा तुमचा नसेल तर आपल्याकडे बदललेली प्रत ठेवा पण मोजणी विसरू नका, नाहीतर नियमच ढिला पडला. जावासोबत येणाऱ्या पार्सरमध्ये सिक्युअर प्रोसेसिंग (सुरक्षेसाठी मर्यादा घालणारी सेटिंग) चालू असलं की या उलगडण्यावर 5000 नोड्सची मर्यादा असते आणि सरळ वाचता येईल असा एरर मिळतो, तो नको म्हणून मर्यादाच काढून टाकली की मग हा ओव्हरफ्लो समोर येतो. मर्यादा काढू नका, ती तुमच्या बाजूची आहे.

आता सर्व्हरचं. 64 बिट लिनक्सवर जावाच्या थ्रेडला (प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र चालणारा कामाचा धागा) साधारण 1 एमबी स्टॅक मिळतो, आणि सर्व्हरवर तुमचा व्हॅलिडेटर थ्रेड पूलमधल्या (तयार ठेवलेल्या थ्रेडच्या गटातल्या) एखाद्या थ्रेडवर चालतो जिथे फ्रेमवर्कचे कॉल आधीच साचलेले असतात. शिवाय एक्सएसएस नेमकं कुठल्या प्रोसेसला लागलंय ते एकदा बघाच, बऱ्याचदा ते लाँचर स्क्रिप्टला लागतं आणि खरं काम दुसरीच प्रोसेस करते. अगदी अडलं तर तपासणीपुरता वेगळा थ्रेड करा, जावात थ्रेड बनवताना स्टॅकचा आकार देता येतो, मात्र जेव्हीएम (जावाचा प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) तो पाळेलच असं नाही. सगळ्या थ्रेडचा स्टॅक फुगवण्यापेक्षा हे बरं, पण तोही तात्पुरताच मार्ग.

आणि ट्रेस अर्धवट वाटला तर जावा मुळात 1024 ओळीच दाखवतं, सुरुवात कुठून झाली ते कापलं जातं, मॅक्सजावास्टॅकट्रेसडेप्थ ही सेटिंग वाढवून परत चालवा.

प्रश्न: आमच्याकडेही हाच ओव्हरफ्लो येतो, पण एक्सएमएल नाही, जेसन (डेटा लिहिण्याची दुसरी पद्धत) आहे. स्कीमात रेफरन्स (स्कीमाच्या दुसऱ्या भागाकडे बोट दाखवणारे) आहेत आणि पॅटर्न (मजकूर कसा हवा ते सांगणारे) पण. कधी कधीच पडतं, कुठल्या पॅटर्नमुळे ते कळत नाही.

उत्तर: कधी कधी पडतंय म्हणजे डेटावर अवलंबून आहे. रेफरन्सचं आधी बघा, प्रत्येक फेरीला डेटा एक पायरी पुढे सरकतोय का? झाडासारखा डेटा असतो, नोडची मुलं पुन्हा नोडच, तिथे स्कीमाने स्वतःकडेच बोट दाखवणं योग्य आहे कारण मुलं संपली की थांबतं. पण ऑलऑफमध्ये (सगळे नियम एकदम लागू करणारा भाग) अ ने ब ला आणि ब ने अ ला बोलावलं तर डेटा जागच्या जागी राहतो, मग स्टॅक 1 एमबी असो की 1 जीबी, भरणारच. हे मात्र असलं तर रोज पडेल, म्हणून तुमच्या बाबतीत मला दोनच संशय आहेत: एक म्हणजे खूप खोल नेस्टिंग (एकात एक घातलेला डेटा) आणि दुसरा पॅटर्न.

पॅटर्नमध्ये (क|ख)*, म्हणजे क किंवा ख कितीही वेळा, असं काही असेल तर जावाची रेजेक्स (पॅटर्न जुळवणारी यंत्रणा) प्रत्येक अक्षरासाठी एक पायरी खोल जाते, पाच-दहा अक्षरांवर काहीच कळत नाही आणि कोणीतरी हजारो अक्षरांचा मजकूर चिकटवला की पडतं. तेच [कख]* लिहा, अर्थ तोच, खोली नाही. कंस आणि उभी रेघ एका स्टारखाली आले की मी तर आधी तिथेच संशय घेतो, आणि सोबत मॅक्सलेंग्थची (मजकुराच्या कमाल लांबीची) तपासणी पॅटर्नच्या आधी वेगळी करा, व्हॅलिडेटर ती आधी करेल याचा भरवसा नाही.

नेस्टिंगला मर्यादा घालायलाच हवी, बाहेरून येणाऱ्या डेटावर भरवसा ठेवून चालत नाही. जॅक्सन या जावाच्या जेसन लायब्ररीत 2.15 पासून 1000 ची मर्यादा आपोआप असते. पायथनचंही रिकर्शन लिमिट मुळात 1000 आहे, तिथे तो आकडा लाखावर नेऊन बसवला की पायथन चालवणारा इंटरप्रिटरच कोसळू शकतो.

एक कळकळीने सांगतो, हा स्टॅकओव्हरफ्लोएरर एक्सेप्शन नाही, एरर आहे, त्यामुळे नेहमीच्या कॅचमध्ये (एक्सेप्शन पकडणाऱ्या कोडमध्ये) तो येत नाही. काहीजण मग थ्रोएबल (एरर आणि एक्सेप्शन दोन्ही) पकडतात आणि फाइल 'तपासली' म्हणून पुढे सोडतात, हे अजिबात करू नका. जी फाइल तपासता आली नाही ती बाजूला ठेवा, लॉगमध्ये स्कीमाची आवृत्ती आणि फाइलचं नाव लिहा, आणि पाठवणाऱ्याला कळवा की तुमची फाइल अजून पास झालेली नाही.