जबडा फ्रॅक्चर झाल्यावर दातांच्या डॉक्टरकडे का पाठवतात?

तुम्ही लिहिलंय की लहान भाऊ बाइकवरून पडला, खालचा जबडा दोन जागी मोडला, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जनकडे (म्हणजे तोंड, जबडा आणि चेहऱ्याची ऑपरेशनं करणाऱ्या दातांच्या डॉक्टरकडे) जायला सांगितलं आणि घरचे म्हणतायत हाड मोडलंय तर हाडाच्या डॉक्टरकडे जाऊ, दातवाल्याकडे कशाला. मी विदर्भात हेच काम करतो, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक पेशंटच्या घरचे विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आम्ही आधी बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पदवी करतो, मग ३ वर्षं एमडीएस, म्हणजे या सर्जरीचं पुढचं शिक्षण, आणि ती ३ वर्षं मुख्यतः वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरमध्ये जातात. जबडा आमच्याकडे येतो त्याचं कारण साधं आहे, जबडा बरोबर बसलाय की नाही हे दात सांगतात. हाताचं हाड एखाद मिलिमीटर इकडेतिकडे जुळलं तरी हात चालतो, पण जबडा तेवढा सरकला की वरचे-खालचे दात एकमेकांवर बसत नाहीत आणि माणसाला पोळीचा तुकडा नीट तोडता येत नाही. म्हणून ऑपरेशनमध्ये आम्ही आधी दातांना तारा बांधतो, पेशंटचे दात अपघाताआधी जसे बसत होते तसे जुळवून तोंड बंद करतो, आणि मग हाडावर टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा स्क्रूने लावतो. तोंड बंद ठेवायचं असतं म्हणून भुलीची नळी बहुतेक वेळा नाकातून घालतात. चिरा शक्यतो तोंडाच्या आतून, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. प्लेट त्रास देत नसेल तर काढायचीही गरज नसते.

हनुवटीवर पडला असेल तर एक गोष्ट नक्की बघून घ्या, मार लागतो हनुवटीला पण मोडतो कानापुढचा सांधा, हे खूप वेळा होतं. लहान मुलांमध्ये तर हनुवटीला टाके घालून घरी पाठवतात, सांध्याकडे कोणी बघत नाही, आणि पुढे सांधा जाम होऊन तोंडच उघडेनासं होतं, त्या बाजूचा जबडाही वाढत नाही. मला या केसेस बघून फार वाईट वाटतं, कारण वेळेत एक्स-रे आणि तोंड उघडायचे व्यायाम झाले असते तर बरंच टळलं असतं.

बाकी अक्कलदाढ, जबड्यातल्या गाठी, फाटलेला ओठ-टाळू, दाताचा पू गळ्यात उतरून श्वास कोंडणं हेही आमच्याकडेच. डोक्याला मार असेल तर न्यूरोसर्जन आधी, डोळ्याखालचं हाड मोडून दोन-दोन दिसत असेल तर डोळ्यांचे डॉक्टर सोबत, एकट्याचं काम नाही हे.

आता महत्त्वाचं. भाऊ खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला) खातो का? रागावू नका, पण हे विचारावंच लागतं. सुपारीने गालाच्या आतली कातडी घट्ट होत जाते, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड हळूहळू बंद होतं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जायला पाहिजेत, दोनच जात असतील तर लगेच दाखवा, ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, पण आमच्याकडे पानठेल्यावर खर्रा घोटून मिळतोच आणि विशीतली पोरं येतात, दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या रचून एकेक काडी वाढवत तोंड उघडायचा व्यायाम करावा लागतो, महिनोन्महिने. ऑपरेशन केलं तरी हा व्यायाम सुटत नाही, सोडला की तोंड परत आवळतं. आणि अशा पेशंटला भूल देताना नळी घालणं अवघड जातं, म्हणून भावाने भुलीच्या डॉक्टरांना खर्रा, दारू, सगळं खरं सांगायचं, घरच्यांसमोर नको असेल तर एकटं सांगू दे.

डोक्याच्या मारासाठी तपासून झालं असेल, श्वासाचा त्रास नसेल आणि रक्त थांबलं असेल तर एक-दोन दिवस इकडेतिकडे चालतात, पण दोन-तीन आठवडे घालवू नका, हाड वाकडं जुळलं की ते परत मोडून बसवावं लागतं. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबईत नायरचं दंत रुग्णालय, दोन्हीकडे हे ऑपरेशन होतं, खर्चही खूप कमी. जाताना सीटी स्कॅन, ओपीजी एक्स-रे (सगळे दात आणि अख्खा जबडा एकाच फोटोत दिसतो तो) आणि भावाचा हसतानाचा दात दिसणारा जुना फोटो न्या, आधी दात कसे होते ते कळायला उपयोगी पडतो. खालचा ओठ बधिर असेल तर घाबरू नका, नस जबड्याच्या आतून जाते, बऱ्याच जणांना काही महिन्यांत संवेदना परत येते. खाणं साधारण ४ ते ६ आठवडे पातळ आणि मऊ, भाताची पेज, वरण, ताक, मिक्सरमधून काढलेली भाजी. आणि तोंड तारेने बांधून घरी पाठवलं तर तार कापायची कात्री मागून घ्या, कुठली तार कापायची ते विचारून घ्या आणि रात्री उशाशी ठेवा, उलटी झाली तर लागते.