हॅलोविनला आम्ही तीन मैत्रिणी नव्वदीतल्या सिनेमा-मालिकांमधल्या चेटकिणी होणार आहोत. कमी खर्चात वेश कसे जमवावेत?

सगळ्यात आधी ती टोकदार काळी टोपी यादीतून काढून टाका. विकत घेतली असेल तर पावती शोधा आणि परत करून या.

ती टोपी नव्वदीची नाहीच. आज दुकानात जो पाकीटबंद चेटकिणीचा वेश मिळतो, म्हणजे काळा झगा, टोपी, हिरवा चेहरा, त्यातली टोपी तर फारच जुनी, आणि हिरवा चेहरा रुजवला तो १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधल्या मार्गारेट हॅमिल्टनने. नव्वदीत गंमतच ही झाली की चेटकिणी चारचौघींसारख्या दिसायला लागल्या. ‘सब्रीना’ (१९९६) स्वेटर घालून शाळेत जाते. ‘द क्राफ्ट’मधल्या (१९९६) चौघी कॅथलिक शाळेच्या गणवेशात फिरतात. ‘चार्म्ड’मधल्या (१९९८) बहिणी बारीक पट्ट्यांचे टॉप घालून राक्षस मारतात. रोजच्या वावरात एकीच्याही डोक्यावर टोपी नाही. हे मी इतकं ठासून का सांगतेय ते पुढे कळेल.

तुम्ही तिघी आहात, त्यामुळे फार विचार करू नका, ‘होकस पोकस’मधल्या सँडरसन बहिणी व्हा. ‘द क्राफ्ट’ सगळ्यात स्वस्त पडतं (चौकड्यांचा स्कर्ट, काळे लांब मोजे, गळ्याला घट्ट काळी पट्टी), पण तिथे चौघी लागतात. ‘प्रॅक्टिकल मॅजिक’ला दोघी. ‘चार्म्ड’ला तिघी चालतील, पण जीन्स-टॉपमधल्या तीन मराठी बायका बघून ‘चार्म्ड’ कोणाला आठवणार आहे? २००३ ची ‘शरारत’ बघत मोठ्या झाला असाल तर फरीदा जलालची नानी करायचा मोह होईल. तो फक्त देशी घोळक्यात पुरा करा.

आता सँडरसन बहिणी. हा सिनेमा आला १९९३ च्या जुलैमध्ये. हॅलोविनचा सिनेमा ऐन उन्हाळ्यात! अर्थातच तेव्हा फार चालला नाही, नंतर दर ऑक्टोबरला टीव्हीवर लागून लागून लोकांच्या डोक्यात बसला. मी एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणारा व्हिसा) न्यू जर्सीत घरी बसलेली असताना तो इतक्यांदा पाहिलाय की संवादांच्या आधी माझे ओठ हलतात. तर विनिफ्रेड (बेट मिडलर) थोरली, हिरवा झगा, भडक लाल केस, पुढे आलेले दात. सारा (सारा जेसिका पार्कर) लांब सोनेरी केसांची, देखणी, जरा बावळट. आणि मेरी (कॅथी नजिमी) गुटगुटीत, तोंड एका बाजूला वाकडं, मुलांचा वास हुंगत फिरणारी.

आमच्याकडे २०२४ साली ही वाटणी मोठ्या जाऊबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर परस्पर करून टाकली. सारा त्या स्वतः. त्यांची मैत्रीण विनिफ्रेड. आणि मला, “अगं, तू मेरी हो, तुला काही वेगळं करावंच लागणार नाही.” पुढे हसण्याचे तीन चेहरे. मी अंगठा पाठवला आणि कामाला लागले.

कारण मेरी हा सगळ्यात अवघड वेश आहे. साराला काय, सोनेरी विग आणि जांभळा झगा. मेरीचे केस मात्र वर उभे चढवलेले, शेंडा मिरचीच्या टोकासारखा एका बाजूला वळलेला. नीट बघा, म्हणजे दिसेल की त्या केसांचा आकारच चेटकिणीच्या टोपीचा आहे. टोपी न घालता टोपी! ही करामत ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. यातलं एक अक्षर जाऊबाईंच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

केस मी असे केले. पातळ पुठ्ठ्याचा उंच कोन, आत जाड तार, म्हणजे शेंडा हवा तसा वाकवता येतो. कोनाच्या तोंडाशी जुनी हेअरबँड पक्की शिवली. वर गंगावनं. आईने फडके रोडवरून घेऊन दिलेली, लग्नापासून बॅगेत पडून होती. ती खालून वर तिरकी गुंडाळत न्यायची आणि दर वेढ्याला दोऱ्याचा टाका घालायचा. नुसत्या गोंदावर विसंबू नका, बेसमेंटच्या उकाड्यात तो सुटतो. आपले केस डोक्यावर घट्ट अंबाड्यात बांधायचे, कोन अंबाड्यावर बसवायचा आणि चहूबाजूंनी आकडे खोचायचे. कडेला आपलेच थोडे केस मोकळे ठेवून वर वळवले की सांधा दिसत नाही. भरपूर हेअरस्प्रे.

कपड्यांना पैसे घालवू नका. जुना ब्लाउज समोरून उघडा कापून दोन्ही कडांना बुकरम लावा, रिंगा ठोका आणि नाडी ओवा, झाली त्यांची ती आवळलेली चोळी. खाली दोन परकर, एकावर एक, त्यावर घेरदार स्कर्ट. सिनेमातला फुगीरपणा परकरांनीच येतो आणि ते आपल्या कपाटात असतातच. विनिफ्रेडच्या झग्याला गुडविलमधला (जुन्या वस्तूंचं दुकान) हिरवा मखमली पडदा उत्तम. मेरीला लाल-नारिंगी छटा. पूर्वी मी अस्तर, रिंगा, नाड्या सगळं जोअ‍ॅनमधून आणायचे, पण ती दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा आता ऑनलाइन नाहीतर इथल्या देशी बाजारपेठेतले, ओक ट्री रोडवरचे शिंपी. गोड बोललात तर उरलेले तुकडे फुकट देतात.

हातातल्या वस्तू विसरू नका, अर्धी ओळख त्यांनी पटते. सिनेमात त्यांचे झाडू चोरीला जातात, मग विनिफ्रेड नवा झाडू घेते, सारा पोछा आणि मेरी चक्क व्हॅक्यूम क्लीनर. मी रस्त्याकडेला कोणीतरी टाकून दिलेला व्हॅक्यूम उचलून आणला, आतली मोटर काढून हलका केला.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी होते, त्यामुळे पार्टी आधीच्या शनिवारी, यजमानांच्या बेसमेंटमध्ये. एका टेबलावर चकल्या, दुसऱ्यावर भोपळे. मी व्हॅक्यूम घेऊन जिना उतरत होते तेवढ्यात यजमानांची शाळकरी मुलगी खालून ओरडली, “मेरी!” मी तोंड वाकडं केलं, तिला हुंगलं, ती हसून लोळायची बाकी राहिली. मला आणखी काय हवं होतं?

मग अर्ध्या तासाने एक काका आले, त्यांनी विचारलं, “काय गं, जोकर झालीस का?” काका सिनेमातलं फक्त जुनं हिंदी बघतात. पण जाऊबाई लगेच गाडीत जाऊन आल्या, त्यांच्या पाकीटबंद वेशाबरोबर आलेली टोपी घेऊन, आणि “लोकांना कळायला नको का?” म्हणत ती माझ्या केसांवर दाबली. वरून. दोन्ही हातांनी. तार वाकली, कोन चेपला, गंगावनाची एक बट नाकावर आली. सगळ्या फोटोंत मी तशीच आहे.

त्यानंतर हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, त्या सांगतात, “टोपी घातली तेव्हा कुठे हिला ओळखलं सगळ्यांनी.” साफ खोटं. मुलीने ओळखलं होतं, टोपी यायच्या आधी. आणि काकांनी टोपी आल्यावर तरी कोणाला ओळखलं? चेटकीण आहे एवढं कळलं, कुठली ते नाही. तुम्हाला ‘कुठलीही चेटकीण’ व्हायचं असेल तर हा प्रश्न विचारायची गरज नव्हती, दुकानात जा आणि पाकीट उचला.

आपल्याकडचंच बघा. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगलेंनी. दोघंही पुरुष, आणि पोरं बघतात ती त्यांची चाल आणि आवाज. तुम्ही तिघींनी आरशासमोर उभं राहून चालण्याचा सराव करा. विनिफ्रेड बोटं नाचवत हुकूम सोडते, सारा तरंगत येते, मेरी थोरलीच्या मागे मागे असते. तिघी एका रांगेत, एका ठेक्यात चालत आलात तर कपडे थोडे चुकलेले खपून जातात.

तोंडाला हिरवा रंग मुळीच नको, या तिघींपैकी कोणीच हिरवी नाही. हॅमिल्टनच्या रंगात तांबं होतं. डिसेंबर १९३८ मध्ये आगीचं दृश्य करताना तिचा चेहरा आणि हात भाजला, वर तो विषारी रंग जखमेवरून पुसावा लागला आणि ती कित्येक आठवडे कामावर येऊ शकली नाही. आताचे रंग तसे नसतात, तरी स्वस्त डबीतला कुठलाही रंग आधी कोपराच्या आत लावून बघा.

हो, टोपीला अपवाद आहेत, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. ‘प्रॅक्टिकल मॅजिक’च्या शेवटी टोप्या घालून छपरावरून उड्या मारतात, पण ती गावासमोर केलेली गंमत आहे. हॅरी पॉटरच्या शाळेत टोपी गणवेशातच आहे, पण ते पुस्तक नव्वदीतलं असलं तरी सिनेमा २००१ चा. आणि बरोबर लहान मुलं असतील तर त्यांना खुशाल टोपी द्या, त्यांना आवडते.

गंगावन असो की विग, पायऱ्यांवरच्या भोपळ्यांतल्या मेणबत्त्यांपासून लांब राहा. कृत्रिम केस भर्रकन पेटतात, आणि लांब झगा सांभाळत वाकताना लक्षात येत नाही.

आणि मेरी कोणी व्हायचं हे एकीने परस्पर ठरवायचं नाही. चिठ्ठ्या टाका. जाऊबाई हे उत्तर वाचतीलच, तर त्यांनाही सांगते, यंदा चिठ्ठ्या मी करणार आहे.