दीड लाखाच्या गाडीत 45 हजार घालायचे का?

गडहिंग्लजहून एका शिक्षिकेने विचारलं आहे: "आमची 2012 ची पेट्रोल हॅचबॅक 1 लाख 18 हजार किलोमीटर चालली आहे. दोन-तीन महिन्यांपासून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय, दर आठ-दहा दिवसांनी अर्धा लिटर पाणी घालावं लागतं. मागच्या महिन्यात सावंतवाडीहून येताना आंबोलीच्या घाटात तापमानाचा काटा लालच्या जवळ गेला. एक गॅरेजवाला म्हणतो हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलावं लागेल, 45 हजार. दुसरा म्हणतो 600 रुपयांची पावडर टाकू, लीक बंद होईल. दीर म्हणतात, जुन्या गाडीत पैसे घालू नका, जीएसटी कमी झालाय, साडेसात लाखांची नवी घ्या. जुनीचे एक्स्चेंजमध्ये दीड लाख मिळतील, बाकी सहा लाख कर्ज. दोघांचा मिळून हातात पगार 84 हजार. घराच्या 21,500 च्या हप्त्यासह खर्च 62 हजार, एसआयपी 8 हजार. अडीअडचणीसाठी 1 लाख 30 हजार आणि मुलीच्या शिक्षणासाठी 3 लाखांची एफडी आहे. मुलगी यंदा दहावीला. सासूबाईंना महिन्यातून दोनदा कोल्हापूरला तपासणीला न्यावं लागतं. काय करावं? आणि दुरुस्तीला विमा मिळेल का?"

नमस्कार ताई,

विम्याचं आधी सांगून टाकतो: मिळणार नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार पॉलिसीत बसत नाहीत. इंजिनासाठी वेगळं अ‍ॅड-ऑन असतं, पण इतक्या जुन्या गाडीला ते सहसा देत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. तुमच्यासमोर 45 हजार आणि सहा लाख असे दोन आकडे ठेवले गेलेत, आणि त्यातला पहिला अजून खरा नाही. कूलंट कुठून जातंय हे कुणी शोधलेलंच नाही. तुमच्या पत्रात कुठल्याही तपासणीचा उल्लेख नाही, थेट "हेड खोलावं लागेल". डॉक्टरने नाडीही न बघता ऑपरेशनची तारीख द्यावी, तसं झालं हे. म्हणून सगळ्यात आधी पाचशे-हजार रुपये खर्च करायचे ते फक्त निदानावर.

गॅरेजमध्ये गेल्यावर "प्रेशर टेस्टर आहे का?" एवढंच विचारा. हातपंपासारखं यंत्र असतं, त्याला मीटर असतो. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून तिथे ते बसवतात आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब देतात, बहुतेक गाड्यांत तो 1 बारच्या आसपास असतो. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. काटा जागचा हलला नाही तर झाकणच तपासायला घ्यायचं. दोन-तीनशे रुपयांचं झाकण दाब धरत नसेल तर कूलंट लवकर उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. काटा खाली आला तर पाणी कुठून झिरपतंय ते बघायचं: होज पाइपच्या क्लिपा, थर्मोस्टॅटचं घर, वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, आणि रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते ती कड. जुन्या गाड्यांत ही टाकी हमखास तडकते. गळून सुकलेल्या कूलंटचा हिरवट किंवा गुलाबी पांढरट थर अशा जागी दिसतो, तो तुम्हालाही बॅटरीच्या उजेडात दिसेल.

काटा खाली येतोय पण बाहेर थेंब नाही, तेव्हा हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि इंजिनाचा खालचा भाग यांच्यामधल्या पातळ सीलचा, संशय घ्यायचा. त्यालाही चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडाशी निळं रसायन असलेली नळी धरतात. जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल गाडीत त्याचा रंग पिवळा होतो. शिवाय ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, इंजिन सुरू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. यातलं काही आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पार्किंगच्या फरशीवर सकाळी ओलं दिसतं का, हेही नाही. रात्रभर पुठ्ठा टाकून ठेवा. पुठ्ठ्यावर रंगीत, चिकट डाग पडला तर गळती बाहेरची आहे, म्हणजे बहुधा स्वस्तातली. मात्र एसी लावून आल्यावर खाली पडणारं साधं स्वच्छ पाणी यात धरू नका, त्यावरून बरेच जण उगाच घाबरतात. तसंच पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं आणि आत गोडसर वास असेल तर हीटरची जाळी गळतेय.

आता पैशांचं. तुमच्या भागातल्या साध्या, विश्वासू गॅरेजचे दर धरले तर होज आणि क्लिपा हजाराच्या आत-बाहेर, वॉटर पंप मजुरीसह तीन-चार हजार, पूर्ण रेडिएटर पाच ते आठ हजार. हेड गॅस्केट, हेडचं फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं), नवं ऑइल आणि कूलंट मिळून पंचवीस हजारांच्या घरात. 45 हजार होतात ते हेड वाकलेलं किंवा तडकलेलं असेल तेव्हा, किंवा गॅरेजवाल्याने समोरच्या माणसाकडे बघून आकडा सांगितला असेल तेव्हा.

पण समजा, तोच आकडा खरा निघाला. तरी "दीड लाखाच्या गाडीत 45 हजार" ही तुलना मी करणार नाही. बाजारात गाडीला किती मिळतात, हा विकणाऱ्याचा प्रश्न. तुम्हाला गाडी वापरायची आहे, म्हणून विचार करायचा तो हा: हे पैसे घालून गाडी किती महिने चालेल, आणि तेवढ्याच महिन्यांना दुसरा मार्ग केवढ्याला पडेल?

तुमच्या आरसीला 2027 मध्ये 15 वर्षं पुरी होतील. ऑगस्टच्या आसपास धरू, म्हणजे हातात साधारण 18 महिने. 45 हजार भागिले 18, महिन्याला 2,500. दुरुस्ती 9 हजारांत झाली तर महिन्याला 500. आणि सहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सुमारे 12,600. हप्त्यातला काही भाग मुद्दलात जातो, सगळा वाया जात नाही, हे मान्य. म्हणून फक्त व्याज बघा. पाच वर्षांचं सुमारे 1 लाख 56 हजार, आणि त्यातलं पहिल्या एकाच वर्षाचं 52,800 च्या आसपास. गॅरेजवाल्याच्या सगळ्यात मोठ्या आकड्यापेक्षा जास्त. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षात उतरते आणि तिचा विमाही महाग असतो, ते अजून धरलेलं नाही.

घरखर्चात हा हप्ता बसतो का? 84 हजारांतून 62 आणि 8 गेले की 14 उरतात. त्यातून 12,600 गेले की उरले 1,400. त्यात दिवाळी, सासूबाईंची औषधं आणि अकरावीचा क्लास बसवायचा? घराचा हप्ता धरून एकूण हप्ते पगाराच्या 40 टक्क्यांवर जातील, आज ते 26 टक्क्यांच्या आत आहेत. काही महिन्यांतच एसआयपी थांबेल, आणि ती एकदा थांबली की पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो ते तुम्ही स्वतःच जाणता.

एफडी मोडून कर्ज कमी करण्याचा विचार कुणीतरी सुचवेलच. निव्वळ गणितात तो चुकीचा नाही, एफडीच्या व्याजापेक्षा कर्जाचं व्याज जास्त असतं. पण ती एफडी दोन-अडीच वर्षांत मुलीच्या प्रवेशाच्या वेळी लागणार आहे. तेव्हा तेच पैसे तुम्हाला शैक्षणिक कर्ज म्हणून उचलावे लागतील. तिला हात लावू नका.

दिरांचं जीएसटीचं म्हणणं खरं आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा कर 28 टक्के अधिक सेसवरून 18 टक्क्यांवर आला. पण हा काही दसऱ्याचा सेल नाही की रविवारी संपेल. दीड वर्षाने घेतलीत तरी तेव्हाचा दर भराल. "आत्ताच घ्या" हे वाक्य शोरूममध्ये बारा महिने चालतं.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, अशीही एक धास्ती सध्या आहे. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हा नियम आला तो फक्त दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागापुरता (एनसीआर). महाराष्ट्रात आरटीओत गाडी तपासून घेऊन, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते. नूतनीकरणाचं केंद्राचं शुल्क एप्रिल 2022 मध्ये चारचाकीसाठी 600 वरून 5,000 झालं, तो खर्च मनात धरा. मात्र आरसी संपत आली की विकताना किंमत पडते, म्हणून पुढच्या वर्षी एप्रिल-मे महिन्यात विकायची की वाढवायची ते ठरवून टाका.

गाडी विकून बिनगाडीचंच राहणं हाही पर्याय असतो. गाडी फक्त सणावाराला निघत असती तर मी तोच सुचवला असता. पण कोल्हापूरच्या दोन फेऱ्या आजारी माणसाला घेऊन होतात, तिथे एसटी आणि वडापचा (शेअर जीपचा) हिशोब लागू होत नाही.

पावडर टाकू नका. रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी युक्ती आणि ही पावडर, दोन्हींचं काम एकच: भोक बुजवणं. पण ती भोक आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या यांत फरक करत नाही. घाटात अडकलात आणि घर गाठायचंय, तेवढ्यापुरती ठीक. नळाचं किंवा बोअरचं पाणी घालणंही आता बंद करा. क्षार साचतात, आतून गंज चढतो आणि कूलंट पातळ होतं. तयार मिश्रण केलेल्या कूलंटचा डबा डिकीत ठेवा.

खरी मोठी जोखीम गळतीत नाही, गरम गाडी तशीच पुढे दामटण्यात आहे, आणि उन्हाळा तोंडावर आलाय. काटा वर गेला की एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद. निदान अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं, अंगावर येतं. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणत काढलेले चार किलोमीटर तीन हजारांच्या कामाचे तीस हजार करतात. दुरुस्ती होईपर्यंत कोल्हापूरला भाड्याची गाडी करा. ते पैसे वाचवायला जाऊ नका.

तर मी असं करेन. या आठवड्यात टेस्ट, आणि ती दुरुस्तीचं काम ज्याला द्यायचं नाही अशा गॅरेजकडून केली तर उत्तम. गळती बाहेरची असेल तर दुसरा विचार न करता दुरुस्त करा, कूलंट पूर्ण बदलून घ्या, जुने पार्ट परत मागा आणि बिल लिहून घ्या. पैसे अडीअडचणीच्या रकमेतून घ्या, ती याचसाठी आहे, महिन्याभरात भरून निघेल. हेड गॅस्केट निघालं तर आणखी एका ठिकाणी लेखी अंदाज घ्या, "खोलल्यावर बघू" हे उत्तर चालणार नाही. तीस हजारांपर्यंत मी होकार देईन, पण टायर, क्लच, सस्पेन्शन यांत पुढच्या वर्षभरात मोठा खर्च नाही हे त्याच मेकॅनिककडून बघून घेतल्यावरच. तीसच्या वर, आणि क्लचही आलेला असेल, तर दोष सांगून गाडी विका. दीड लाख मिळणार नाहीत. मग नवीच्या मागे न लागता तीन-साडेतीन लाखांची सात-आठ वर्षांची गाडी बघा, तिचा हप्ता तुमच्या 14 हजारांत श्वास घेऊ देईल.

आणि गाडी राहिली तर दुरुस्तीचे पैसे भरून निघाल्यावर महिन्याला 7 हजारांची आरडी सुरू करा. सोळा हप्त्यांत व्याज सोडून 1 लाख 12 हजार होतील. पुढच्या गाडीचं डाउन पेमेंट एक्स्चेंजवाल्याच्या मर्जीवर राहणार नाही. टेस्टमध्ये काय निघालं ते कळवा, लेखी अंदाजाचा फोटोही पाठवा.