तारेचा ओहम आणि हृदयाची प्रकृती

प्रश्न : माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी आयसीडी (हृदयाची लय धोकादायक बिघडल्यास विजेचा झटका देणारी, छातीत बसवलेली डबी आणि तिची हृदयात जाणारी तार) बसवले. मागच्या तपासणीच्या कागदावर तारेचा इम्पीडन्स 520 ओहम होता, या वेळी 470 आला. हृदयाचा स्नायू खराब होत आहे, असे समजायचे का?
— एक वाचक, परतूर (जि. जालना)

उत्तर : नाही, एवढ्या फरकावरून तसे समजू नये. इम्पीडन्स म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. उन्हाळ्यात मोटारीचे अर्थिंग कोरडे पडले की आपण खड्ड्यात मिठाचे पाणी ओततो, कारण ओल्या, खारट मातीतून वीज सहज वाहते. शरीरातही हाच नियम चालतो. तारेचा इम्पीडन्स साधारणपणे 200 ते 2000 ओहमच्या दरम्यान असतो आणि थोडा खाली-वर होतच राहतो. तो एकदम खूप चढला तर तार तुटल्याची किंवा जोड सैल झाल्याची शंका घेतात, एकदम कोसळला तर तारेचे आवरण फाटल्याची. हा आकडा मुख्यतः तारेचीच तब्येत सांगतो.

स्नायूचा परिणाम इम्पीडन्सवर होतो, हे मात्र खरे आहे. रक्तपुरवठा अचानक थांबला की पेशींमधले जोड बंद पडत जातात आणि अडथळा वाढतो. पण पुढे त्याच जागी जखम भरून वण तयार झाला की तिथला अडथळा निरोगी स्नायूपेक्षा कमी भरतो. एकाच आजारात आकडा आधी वर आणि नंतर खाली जात असेल, तर एका कागदावरून निदान कसे करणार?

फुप्फुसांतील पाण्याच्या बाबतीत हे मोजमाप अधिक उपयोगी पडते. काही उपकरणे तारेपासून छातीतल्या डबीपर्यंतचा अडथळा रोज मोजतात. फुप्फुसांत पाणी साठू लागले की तो घटतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या 33 रुग्णांच्या अभ्यासात ही घट दम लागण्याच्या सरासरी 15 दिवस आधी सुरू झालेली दिसली. तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागणाऱ्या कुटुंबाला हे 15 दिवस फार मोलाचे आहेत, आणि म्हणूनच मला या तंत्राबद्दल आस्था वाटते. तरीही 2011 च्या एका मोठ्या चाचणीत रुग्णांना उपकरणाचा इशारा मिळू लागल्यावर रुग्णालयातील भरती उलट वाढली. न्यूमोनियातही हा आकडा घसरू शकतो.

म्हणून वडिलांचे वजन रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी करून वहीत लिहा. नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का, रात्री उशी वाढवावी लागते का, हे पाहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले किंवा दम लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा, आणि जाताना मागच्या सर्व तपासण्यांचे कागद सोबत न्या.